अस्सल कशाला म्हणावे?
(जुन्या लष्करी वाहनांच्या जीर्णोद्धाराविषयी काही विचार)

जीर्णोद्धार आणि वज्रलेप हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदत आले आहेत, आणि त्यांच्यातील वैर फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. देऊळ पडझडीला आले म्हणजे गावकरी वर्गणी काढतात, जुने चिरे उतरवितात, नवे बसवितात, कळस चढवितात. आणि ह्या खटाटोपात पूर्वीच्या देवळाचा एक दगडही जागेवर उरला नाही, तरी देऊळ तेच, देव तोच आणि पुण्यही तितकेच, असे सर्वजण मानतात. हा जीर्णोद्धार होय. उलटपक्षी पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची किंवा कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज दिसू लागली तेव्हा ह्याच माणसांना नव्या मूर्तीची कल्पनाही असह्य झाली. जी शिळा आहे तीच टिकली पाहिजे, ह्या आग्रहाने तज्ज्ञ बोलावण्यात आले आणि झिजलेल्या पाषाणावर लेप चढविण्यात आला. म्हणजे भिंत बदललेली आम्हास चालते, मूर्ती बदललेली चालत नाही. आणि भिंत कोठे संपते व मूर्ती कोठे सुरू होते, हे ठरविण्याचा प्रसंग आला की आम्ही बहुधा गप्प बसतो.

हा प्रसंग अलीकडे एका अगदी अनपेक्षित क्षेत्रात उपस्थित झाला आहे. जुन्या मोटारी, आणि त्यातही जुन्या लष्करी गाड्या, मिळवून त्या पूर्ववत् करण्याची हौस आपल्या देशात वाढत आहे. मुंबई-पुण्याकडे ती आधीपासून आहे. आता विदर्भातही, एखाद्या शेतातील गोठ्यात तीस वर्षे गंजत पडलेल्या जीपसाठी लांबून माणसे येतात आणि मालकाने भंगारवाल्याकडून कधी ऐकली नव्हती अशी किंमत देऊ करतात. ही हौस पैसेवाल्यांची आहे म्हणून वाङ्मयाच्या मासिकाने तिच्याकडे पाहू नये, असे आम्हास वाटत नाही. ह्या मंडळींत जो वाद चालतो तो मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते ह्याचा आहे. आणि तो वाद ग्रंथांच्या बाबतीत आपण शतकानुशतके करीत आलो आहोत.

प्रथम जीपचेच उदाहरण घेऊ, कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ती पाहिली आहे व पुष्कळांनी तीतून धक्के खात प्रवासही केला असेल. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत 1941 ते 1945 ह्या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. आराखडा विलीज कंपनीचा. परंतु एका कारखान्याने सैन्याची भूक भागेना, म्हणून त्याच आराखड्याप्रमाणे गाड्या बनविण्याचे काम फोर्ड कंपनीलाही देण्यात आले. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींस बसले पाहिजेत, ही सैन्याची अटच होती. तथापि फोर्डच्या लोकांचा अभिमान असा की, आपल्या गाडीच्या लहानसहान भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, त्यांनी आपल्या नावाचे आद्याक्षर ‘एफ्’ उठविले. चासीच्या पुढच्या बाजूचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा, तर फोर्डमध्ये चौकोनी घडीचा. आज जगभरचे शौकीन भिंग घेऊन हे बोल्ट मोजतात. फोर्डच्या गाडीत बिनखुणेचा बोल्ट सापडला की त्यांच्या कपाळी आठी पडते. विलीजमध्ये ‘एफ्’ सापडला तरी तेच. ह्रस्व-दीर्घावरून हातघाईवर येणारे आमचे काही विद्वान मित्र ह्या मंडळींत सहज मिसळून जातील.

आता गंमत अशी की, गाडी युद्धात उतरल्यानंतर तिची दुरुस्ती करणाऱ्या लष्करी कारखान्यांना ह्या अक्षराचे काडीचेही सोयरसुतक नव्हते. एका गाडीचे इंजिन काढून दुसरीत बसवावे, तिसरीची चाके चौथीला लावावी, हा तेथील नित्याचा व्यवहार होता. आणि भाग एकमेकींस बसले पाहिजेत ही अट त्यासाठीच तर घातली होती. तेव्हा 1945 साली रणांगणावरून परत आलेली जीप ही बहुधा भेसळीची जीप होती. सर्व बोल्टांवर ‘एफ्’ असलेली निर्भेळ जीप कारखान्याच्या दाराशी क्षणभर उभी होती खरी. परंतु लढाई तिने पाहिलेली नव्हती. ज्याला आजचे शौकीन मूळ स्वरूप म्हणतात ते युद्धाच्या आधीचे स्वरूप आहे, आणि गाडीला जी किंमत येते ती मात्र युद्धामुळे येते. हा विरोध त्यांच्यापैकी थोड्यांनाच जाणवलेला दिसतो.

ग्रंथसंशोधनाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ज्ञानदेवांना जाऊन सुमारे तीनशे वर्षे लोटली होती. त्या तीन शतकांत ज्ञानेश्वरी ज्यांनी वाचली, लिहून घेतली, पाठ केली, त्यांनी आपापल्या परीने शब्द बदलले, कठीण ठिकाणी सोपे बसविले, क्वचित आपली ओवीही घुसडली. नाथांनी ते सर्व निवडून काढले आणि पुढे कोणी भर घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. पुढे 1909 मध्ये राजवाड्यांनी नाथांपूर्वीची म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, आणि तिच्या अस्सलपणावरून जो वाद माजला तो मराठी वाचकांना ठाऊक आहेच. लीळाचरित्राची कथा तर ह्याहून बोलकी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केलेली मूळ पोथी धामधुमीच्या काळात नाहीशी झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. हिराइसेचा पाठ म्हणून जो प्रसिद्ध आहे तो असाच स्मरणातून आलेला. आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ह्या गावांतून चक्रधर हिंडले, हे आम्ही ज्या ग्रंथाच्या आधारे सांगतो तो ग्रंथ मोटारीच्या भाषेत बोलायचे तर सर्वस्वी बदली भागांचा आहे. म्हणून त्याला कोणी बनावट म्हणेल काय? पाठ कोणाचा, तो कोठून आला, हे महानुभावांनी जपून ठेवले. ही प्रामाणिक नोंद हीच त्या ग्रंथाची प्रतिष्ठा आहे.

ह्या नोंदीची गरज वाहनांच्या बाबतीत किती आहे, हे बाजारात हिंडल्यावर कळते. आज जीपच्या पत्र्याचे संपूर्ण नवे शरीर फिलिपीन्समध्ये तयार होते, आणि ते इतके हुबेहूब असते की जाणकारही फसावा. कारखान्याची पितळी किंवा जस्ताची पट्टी, जिच्यावर गाडीचा क्रमांक व सैन्याला सोपविल्याची तारीख असते, तीही नवी करून मिळते. चासीवरचा क्रमांक खरवडून दुसरा ठोकणारे कारागीर कोठेही सापडतात. नवा पत्रा बसविण्यात आम्हास काही गैर दिसत नाही. गंजलेल्या पत्र्याचे चाळण झाल्यावर माणसाने करावे तरी काय? नव्या पत्र्यावर 1943 ची पट्टी डकविणे ही मात्र खोटी सनद लिहिण्याच्याच जातीची गोष्ट आहे. जुन्या दप्तरांत काम केलेल्या संशोधकांना अस्सल व नक्कल हे दोन शब्द चांगले परिचयाचे आहेत. नकलेला नक्कल म्हणून दप्तरात मानाचे स्थान असते. तिच्यावर अस्सलाचा शिक्का उठविला की तीच गुन्हा ठरते.

येथवर आमचे आणि शौकिनांचे बहुतांशी जमते. मतभेद होतो तो पुढे. हिंदुस्थानात ह्या गाडीला जे दुसरे आयुष्य लाभले त्याचे काय करावयाचे? युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या जीपगाड्या देशभर पांगल्या. पुढे 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावी महिंद्र कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी सुरू केली, आणि हळूहळू गाडी येथेच बनू लागली. सैन्यात ती राहिलीच. शिवाय पोलीस, जंगलखाते, पाटबंधारे, कलेक्टरची कचेरी, निवडणुकीचा प्रचार, लग्नाची वरात, कापसाच्या गाठींचा दलाल, असा तिचा संसार वाढला. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या मागल्या पिढीला जीप म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. 1973 नंतर पेट्रोल महागले आणि मिस्त्र्यांनी तिच्या पोटात डिझेल इंजिन बसविले. सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बाराची आली. मागच्या बाजूस समोरासमोर बाके आली, वर लोखंडी सांगाडा व ताडपत्री आली, पाटे वाढवून ओझ्याची सोय झाली. दहा माणसांची गाडी अठरा माणसे घेऊन चालू लागली, हे सांगताना आम्ही अतिशयोक्ती करीत नाही, हे आमच्या भागातील वाचक जाणतात.

आजचा शौकीन अशी गाडी घेतो आणि पहिले काम कोणते करतो? डिझेल इंजिन भंगारात टाकतो, बाके उखडतो, सांगाडा कापतो, वाळूचा मारा करून पत्र्यावरचे सगळे रंग उतरवितो, आणि अमेरिकन सैन्याचा शेवाळी हिरवा रंग देऊन बोनेटावर पांढरा तारा काढतो. ही गाडी अमेरिकन सैन्यात होती की नव्हती, ह्याची तो फारशी चौकशी करीत नाही. कित्येक वेळा ती मुळात मुंबईस जोडलेली, युद्धानंतरची, असते. वाळूच्या त्या माऱ्यात जे थर उडाले त्यांत एखाद्या खात्याचा खाकी रंग होता, एखाद्या सहकारी संस्थेचे पुसट नाव होते, एखाद्या मिस्त्रीने भरलेली लांबी होती. सत्तर वर्षांचा हिंदुस्थानी इतिहास खरवडून चार वर्षांचा परदेशी इतिहास वर काढावयाचा, आणि त्यास मूळ स्वरूप म्हणावयाचे, ह्यात आम्हास रसिकता दिसत नाही. एखाद्या संपादकाने ज्ञानेश्वरीच्या पोथीतील वारकऱ्यांनी समासात लिहिलेल्या खुणा, पारायणाच्या तारखा, कुंकवाची बोटे, सर्व धुऊन काढून ती कोरी करकरीत करावी, तसे हे होते.

दुर्दैवाने कायदाही ह्याच मताचा आहे. केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी, मूळ स्वरूपात राखलेली असल्यास, तिला ‘व्ही ए’ ह्या अक्षरांची वेगळी पाटी मिळते. पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आहे. प्रदर्शन, शर्यतफेरी, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु मूळ स्वरूप म्हणजे काय, ह्याची व्याख्या करताना नियम म्हणतो की, चासी, शरीर किंवा इंजिन ह्यांत फेरफार झालेला नसावा. ह्या व्याख्येने घाटाखालच्या एखाद्या शेतकऱ्याची, वडिलांनी 1970 साली घेतलेली आणि पुढे डिझेल बसवून चाळीस वर्षे चालविलेली जीप बाद होते. ज्याने ती गेल्या वर्षी विकत घेऊन, डिझेल फेकून, कोठून तरी पैदा केलेले जुन्या नमुन्याचे पेट्रोल इंजिन बसविले, त्याचा मार्ग मात्र व्यवहारात सोपा होतो. ज्या घरात ती गाडी अखंड राहिली त्या घराचा हक्क कमी आणि ज्याने तिचा वेष बदलला त्याचा जास्त, असा हा न्याय आहे. कायद्याला कोठे तरी रेघ ओढावी लागते हे आम्ही जाणतो, आणि लबाडांना आळा घालण्याचा हेतू चांगला आहे हेही मान्य करतो. परंतु फेरफार केव्हा झाला ह्याला काही किंमत असावी की नाही? पन्नास वर्षांपूर्वी केलेला फेरफार आता स्वतःच पन्नास वर्षांचा झाला आहे.

परदेशात ह्या प्रश्नाचा विचार अधिक शांतपणे झालेला आढळतो. इंग्लंडात रस्किनने 1849 मध्येच इमारतींच्या पुनर्रचनेवर कडाडून टीका केली, आणि विल्यम मॉरिसने 1877 मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, पडत्या इमारतीला टेकू द्यावा, पण तिला तरुण करण्याच्या फंदात पडू नये. त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 च्या सुमारास ट्युरिनची सनद तयार केली. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग असू शकतात, आणि नवा भाग बसविला तर तो ओळखता यावा व त्याची नोंद राहावी, हा तिचा रोख आहे. आमच्या नियमकर्त्यांनी हिच्याकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

येथपर्यंत आम्ही जीपविषयी बोललो. तिच्याबाबतीत चूक झाली तर नुकसान आठवणींचे होते. परंतु काही वाहने अशी आहेत की त्यांच्यावर माणसे मेली आहेत, आणि तेथे हा वाद गंभीर होतो.

अहिल्यानगर येथे, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगरात, चिलखती दलाचे संग्रहालय आहे. 1994 साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयात निरनिराळ्या देशांचे रणगाडे एका आवारात उभे आहेत: ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपान्यांचे छोटे हा-गो, पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन, आपला विजयंता. मराठी कुटुंबांनी शिर्डी-शिंगणापूरच्या यात्रेत एक दुपार ह्या आवारासाठी काढावी, अशी आमची शिफारस आहे; मुलांना तर ते आवडतेच. परंतु आम्हास येथे बोलावयाचे आहे ते नगरच्याच चिलखती दल केंद्रात जपून ठेवलेल्या एका सेंच्युरियन रणगाड्याविषयी. त्याचे नाव ‘फामागुस्ता’. पूना हॉर्स ह्या, पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत पुण्यात उभ्या राहिलेल्या, घोडदळातून आलेल्या पलटणीचा तो रणगाडा. 16 डिसेंबर 1971 रोजी शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे झालेल्या लढाईत पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ह्या रणगाड्यावर होता. रणगाड्याला गोळा लागून आग लागली; तो सोडून बाहेर पडावे असा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. आपली तोफ अजून चालू आहे, ह्या कारणासाठी खेत्रपालाने तो मानला नाही. तो लढत राहिला आणि पुढच्या आघातात मरण पावला. त्याला परमवीर चक्र मिळाले. रणगाडा नंतर परत मिळाला, दुरुस्त करण्यात आला, आणि आज जतन करून ठेवलेला आहे.

दुरुस्त करण्यात आला, ह्या दोन-तीन शब्दांवर आम्ही अडखळतो. सैनिकाच्या दृष्टीने पाहिले तर ते स्वाभाविक आहे. आपला जखमी घोडा कोणतेही घोडदळ तसाच उभा ठेवणार नाही. जळका, वाकडा, काजळलेला सांगाडा नव्या रंगरुटांपुढे ठेवण्यापेक्षा तो घासूनपुसून, रंगवून, मानाने उभा करावा, हीच पलटणीची वृत्ती. ती जीर्णोद्धाराची वृत्ती आहे आणि तिच्यात भक्ती आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला वज्रलेप हवा असतो. त्या दिवशी गोळा कोठून आला, पोलाद कोठे फाटले, आग कोणत्या बाजूने गेली, हे त्या रणगाड्याने आपल्या अंगावर लिहून ठेवले होते. भोक बुजविले की ते वाक्य खोडले जाते.

मग करावे काय? आमच्या मते येथे सरसकट नियम लावण्यात अर्थ नाही. कोणता भाग कथा वाहतो, हे पाहावे लागते. फामागुस्ताच्या कथेत इंजिनाला स्थान नाही. सेंच्युरियनचे मिटिऑर इंजिन हे मर्लिन ह्या प्रसिद्ध विमान-इंजिनापासून काढलेले, म्हणून यंत्रज्ञाला ते मोलाचे वाटेल; तथापि ते बदलले, पट्टे बदलले, चाके बदलली, रंग दहा वेळा दिला, तरी खेत्रपालाच्या रणगाड्याचे काही बिघडत नाही. तोफ मात्र बदलली तर सर्वच गेले. तोफ चालू आहे म्हणून तो थांबला. तेव्हा ती तोफ हीच त्या रणगाड्याची मूर्ती, आणि बाकीचे पोलाद हे देऊळ. हाच विचार इतरत्रही लावून पाहावा. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या वाटेवर सुरुंग दूर करण्यासाठी कारवारकडचे रामा राघोबा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्याबरोबर सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत गेले. तो रणगाडा कोणी शोधून काढला तर त्याच्या तोफेकडे पाहण्याचे कारण नाही, पोटाचा पत्रा अस्सल असला म्हणजे पुरे. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ अब्दुल हमीद ह्यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने पॅटन फोडले. त्या प्रकारच्या जीपवर कारखान्याने ठोकलेल्या क्रमांकापेक्षा तोफेचे खोगीर आणि ते बसविण्यासाठी सैन्याने केलेली कापाकाप महत्त्वाची. शौकिनांच्या पुस्तकी यादीत ही कापाकाप दोष म्हणून लिहिली जाईल.

त्याच लढाईत हाती आलेले पॅटन रणगाडे विजयचिन्हे म्हणून देशातील छावण्यांत आणि चौकांत ठेवण्यात आले. त्यांच्याविषयी थोडक्यात बोललेलेच बरे. दर राष्ट्रीय सणाच्या आधी त्यांतील कित्येकांवर चकचकीत रंगाचा नवा हात फिरतो, आणि गोळ्यांच्या खुणा त्याखाली बुजतात. शत्रूचा रणगाडा आपण फोडला, हे दाखविण्यासाठी जो उभा केला त्याची फुटल्याची खूणच नाहीशी करावयाची, ही अजब व्यवस्था आहे.

चालते वाहन आणि उभे वाहन, हा आणखी एक पेच आहे. इंग्लंडात बोव्हिंग्टन येथील संग्रहालयात 1943 साली ट्युनिशियात हाती लागलेला एक जर्मन टायगर रणगाडा आहे. अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर तो चालता करण्यात आला, आणि वर्षातून मोजक्याच दिवशी हजारो लोकांसमोर तो मैदानात फिरतो. त्यासाठी त्याच्या पोटात संग्रहालयातीलच दुसऱ्या एका रणगाड्याचे इंजिन बसवावे लागले होते. यंत्र चालले पाहिजे, न चालणारे यंत्र म्हणजे न म्हटलेले गाणे, असे म्हणणाऱ्यांची बाजू आम्हास पटते; पण प्रत्येक फेरीगणिक जे जुने धातू झिजतात ते परत येत नाहीत, हे त्याच लोकांना मान्य करावे लागते. बोव्हिंग्टनच्या लोकांनी ह्यावर फेऱ्या मर्यादित ठेवण्याचा तोडगा काढला. आपल्याकडे पोथी सोवळ्यात ठेवतात आणि पारायण छापील प्रतीवरून करतात, ती युक्ती ह्यापेक्षा फारशी वेगळी नाही. ज्याला जीप दररोज हाकावयाची आहे त्याने फिलिपीन्सच्या पत्र्याची हाकावी आणि जुनी छपराखाली ठेवावी.

ह्या सर्व चर्चेत एक उदाहरण असे आहे की जे कोणत्याच चौकटीत बसत नाही, आणि म्हणूनच ते आम्हास राहून राहून आठवते. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका. ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ नावाने तिचा पाया घातला, 1961 मध्ये ती आपल्या आरमारात आली, 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात लढली आणि 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिची देखभाल परवडेना, 2014 मध्ये ती विकली गेली आणि दारूखान्यात तुकडे तुकडे झाली. तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज कंपनीने घेतला आणि 2016 मध्ये तो वितळवून मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्यांत मिसळला. 2022 मध्ये कोचीन येथे बांधलेल्या नव्या विमानवाहू नौकेला पुन्हा विक्रांत हेच नाव देण्यात आले. फामागुस्ताचे रूप राहिले, भाग बदलले. येथे नाव एकीकडे गेले, धातू दुसरीकडे, आणि रूप कोठेच उरले नाही. अस्सल विक्रांत आज कोठे आहे, असे कोणी विचारले तर नौदल कोचीनकडे बोट दाखवील आणि एखादा खामगावचा तरुण आपल्या मोटारसायकलीकडे.

खामगावच्या चांदीच्या पेठेत मात्र ह्या प्रश्नाने कोणी गोंधळणार नाही. सासूचे वाळे मोडून सुनेच्या जोडव्या करण्याची रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कसोटीवर चांदी तीच उतरते. वाळे मात्र गेले. म्हणून घरातील शहाणी बाई मोडण्यापूर्वी वजन लिहून ठेवते, आणि हे कोणाचे, कशातून केले, हे सुनेला सांगते. मोटारसायकलीच्या टाकीवर कंपनीने तशी चिठ्ठी उमटविली होती, हे चांगलेच झाले. तथापि ती मोटारसायकल आता निघत नाही, आणि ज्या निघाल्या त्यांच्या टाक्या आता पोचू लागल्या आहेत. गॅरेजात गेलेल्या गाडीला नवी, दुसऱ्या धातूची टाकी बसते आणि जुनी कोपऱ्यातल्या ढिगात पडते. तेथून भंगारवाला ती किलोच्या भावाने उचलून नेतो.